एकशे तेरावा दुवा

‘आदरणीय महोदय, आपले पान वाचून अतिशय आनंद झाला,’ एवढे टाइप करून तिने हात उचलले, पाण्याची बाटली उघडली आणि पाणी न पिताच पुन्हा बंद केली. हे पत्र ती स्वतःच्या वडिलांना लिहीत होती.

पत्र कंपनीच्या नावाने जाणार होते, त्यामुळे वडिलांना कळायचे काही कारण नव्हते. मुलगी कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, एवढेच त्यांना ठाऊक. नेमके काय करतेस, असे त्यांनी एकदा विचारले होते. ‘लोकांच्या वेबसाइट वर आणते,’ ती म्हणाली होती. ‘कुठून वर?’ असे त्यांनी विचारले तेव्हा आई हसली होती आणि विषय तिथेच संपला होता.

खरे तर काम सांगायला सोपे होते. माणसे सर्च इंजिनात काहीतरी शोधतात आणि पहिल्या चार-पाच नावांच्या खाली सहसा जात नाहीत. त्या चार-पाचांत कोण यावे हे ठरवताना सर्च इंजिन इतर गोष्टींबरोबर हेही बघते, की ह्या पानाकडे बोट दाखवणारी दुसरी पाने किती आहेत आणि कोणाची आहेत. तशी बोटे मिळवून देणे हा तिच्या कंपनीचा धंदा. तिच्या गटाच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत. पहिल्याच दिवशी त्याने तिला समोर बसवून सांगितले होते, ‘लिंक लिंकमध्ये फरक असतो. आपल्याच एका पानावरून आपल्याच दुसऱ्या पानावर दिलेली लिंक म्हणजे घरातल्या घरात हाक मारणं. उपयोग आहे, पण बेताचा. कुणाच्याही लेखाखाली शेरा लिहून चिकटवलेली, ती खांबावरच्या जाहिरातीसारखी. विकत घेतलेली पकडली गेली तर गिऱ्हाईक बुडतं आणि आपणही. आणि एक असते, चांगल्या माणसानं न मागता दिलेली. ती एक मिळाली ना, की बाकीच्या शंभर नसल्या तरी चालतं.’

आठ महिन्यांत तिला तसली एकही मिळाली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तीन मिळाल्या होत्या.

आताचे गिऱ्हाईक म्हणजे एक दवाखाना होता. पंधरा दिवसांत तोतरेपणा घालवतो, असे सांगणारा. शोधल्यावर तो तिसऱ्या पानावर यायचा. ‘तिसऱ्या पानावर तर आपण स्वतःला शोधायलासुद्धा जात नाही,’ कॅप्टन म्हणाला होता, आणि तोतरेपणावरच्या वजनदार पानांची यादी काढून त्याने पडदा तिच्याकडे वळवला होता. यादीत सगळ्यांत वर, वर्तमानपत्रांच्या आणि मोठ्या इस्पितळांच्याही वर, एक साधे पांढरे पान होते. चित्र नाही, रंग नाही. ‘तोतरेपणाविषयी : वाचण्यासारखे, भेटण्यासारखे’ हे शीर्षक आणि खाली ‘एकूण दुवे ११२’.

ते पान तिनेच बनवून दिले होते, पंधरा वर्षांपूर्वी, कॉलेजच्या सुट्टीत.

‘हा कोण आहे बघ,’ कॅप्टन पेनाने पडद्यावर टकटक करत म्हणाला. ‘एकट्या माणसाचं दिसतंय. पण दोन विद्यापीठं, वाचनालयं, सरकारी इस्पितळाचा वाचाविभाग, सगळ्यांनी ह्याला लिंक दिलीय. एकेचाळीस ठिकाणं! मागून मिळतात का अशा?’

‘नाही मिळत,’ ती म्हणाली. तेव्हाच सांगून टाकता आले असते. पण कॅप्टनचे पेन यादीतल्या पुढच्या नावाकडे गेले होते.

तिचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. बोलताना लहानपणापासून अडखळत, म्हणून लिहिण्याकडे ओढा. निवृत्त व्हायच्या थोडे आधी त्यांनी ही यादी सुरू केली. बोलताना अडणाऱ्या माणसाने काय वाचावे, कोणाला भेटावे, कुठे फसू नये. प्रत्येक दुव्याखाली त्यांच्या दोन ओळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सकाळी बसत आणि एकेक दुवा उघडून बघत. जो उघडला नाही, तो काढत. जो बदलला असेल, त्याच्या ओळी बदलत. मागणाऱ्याला त्यांनी कधी जागा दिली नव्हती, आणि नाही म्हणायचे पत्र मात्र प्रत्येकाला लिहिले होते.

तिलाही आले. तिसऱ्या दिवशी, ऑफिसच्या पत्त्यावर.

‘स.न.वि.वि. आपला दवाखाना पंधरा दिवसांत तोतरेपणा जाईल असे आश्वासन देतो. तसे होत नाही. पंधरा दिवसांत बरे झालेले मूल सोळाव्या दिवशी अडखळले, तर दोष स्वतःलाच देते. आपल्या दवाखान्याचा दुवा मला देता येणार नाही, क्षमस्व. ता. क. – आपल्या पत्रात ‘कृपया’ हा शब्द ‘क्रुपया’ असा पडला आहे.’

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी तिलाच ती गंमत सांगितली.

‘कं... कंपनीचं पत्र होतं. भाषा छान होती हं. वाटलं, कुणीतरी शिकवलेलं माणूस आहे. आणि मग एकदम क्रुपया!’

‘घाईत पडलं असेल,’ ती म्हणाली आणि कप घेऊन उठली. कपात निम्मा चहा तसाच होता.

कॅप्टनला तिने पत्र दाखवले नाही. नाही म्हणतायत, एवढेच सांगितले.

‘मग त्यांना म्हणावं, नुसता उल्लेख करा. गोड बोलून वळव थोडं.’

‘नोफॉलो लावून देतील कदाचित.’ हे तिने उगाच म्हटले. नोफॉलो म्हणजे लिंकमागे दडलेली एक खूण. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पण सर्च इंजिनाला सांगते की लिंक दिलीय खरी, मी मात्र ह्याच्यासाठी जामीन नाही.

कॅप्टनने मान हलवली. ‘त्याचं काय लोणचं घालायचंय? माणसं येवोत न येवोत, मला त्या म्हाताऱ्याचा जामीनच हवाय. हे गिऱ्हाईक गेलं तर गटातलं एक टेबल कमी होणार, हे मी तुला सांगायला नको.’

त्याने ते धमकी म्हणून सांगितले नव्हते. तो स्वतःही तिच्यासारखाच नखे खात होता. पण तिच्या आधीच्या दोन नोकऱ्या अशाच सुटल्या होत्या आणि मधले वर्ष तिने घरी काढले होते. त्या वर्षात आई तिच्यासमोर शेजाऱ्यांशी फार मोठ्याने हसून बोलायची. तिला ते हसणे आठवले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, पुन्हा लावला आणि जिन्यात जाऊन बसली. फोनवरून वडिलांचे पान उघडले, आतल्या बाजूने. वडिलांना आत कसे जायचे हे तिनेच शिकवले होते आणि चावी तिच्याकडेही होती. महिनाअखेरीला दवाखान्याला अहवाल जायचा. तो गेला की दुवा काढायचा. पहिला रविवार त्यानंतर चार दिवसांनी येत होता. हिशोब बरोबर बसत होता.

साठाव्या दुव्याच्या खाली तिने दवाखान्याचे नाव घातले. नुसते नाव उघडे पडले असते, म्हणून खाली दोन ओळी लिहिल्या. त्या लिहायला तिला एक मिनिटही लागले नाही. मग वरचा आकडा ११२ होता, तो ११३ केला. अर्धवट काम करायची सवय तिला घरातून लागलेलीच नव्हती.

बारा दिवसांत दवाखाना तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आला, चौथ्या नंबरला. कॅप्टनने तिच्या टेबलावर दोनदा थाप मारली. शेजारच्या मुलीने विचारले, ‘कसं जमवलंस गं?’

‘बसलं असंच,’ ती म्हणाली.

त्या दिवसांत तिला एका जागी बसवेना. ती दर तासाला वडिलांचे पान उघडून बघे, दुवा आहे ना, आणि असला की वाईट वाटे. प्रिंटरपर्यंत जायची आणि काही न घेता परत यायची. बसमध्ये जागा मिळाली तरी उभी राहायची. घरी पोहोचल्यावर चपला काढण्याआधी वडिलांच्या खोलीत डोकावायची. ते खिडकीशी बसून वाचत असले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. गॅसच्या शेगडीजवळ, वडिलांच्या सुबक अक्षरात : ‘गॅस बंद केला, ८.१०.’ दाराच्या कडीपाशी : ‘दोन्ही कड्या.’ आरशासमोर दाढी करताना ते छापखान्यातल्या जुन्या सोबत्यांची नावे ओळीने म्हणत. अडखळत, पण एकही न गाळता. एकदा ती बाहेरून ऐकून हसली.

‘हसू नकोस,’ आई म्हणाली. तिच्या आवाजाने ती वळली. आई पोळीचा गोळा हातात धरून नुसती उभी होती. ‘डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय त्यांनी. बुधवारची.’

‘कशाला?’

‘विसरायला लागलेत म्हणे. त्यांच्या त्या पानावर काहीतरी घातलंय आणि घातल्याचं आठवत नाही. त्या लोकांना आधी नाही म्हणून स्वतः कळवलं होतं, आणि मग स्वतःच घालून बसले. दोन ओळीसुद्धा लिहिल्या म्हणतात. आठ दिवस झोपले नाहीत, माऊ. मला म्हणाले, तिला सांगू नकोस, ती कामात आहे.’

ती ‘हो का’ म्हणाली. मग हात धुते म्हणून आत गेली, नळ सोडला आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून फोनवर तो दुवा काढून टाकला. आकडा पुन्हा ११२ केला. अहवाल जायला अजून पाच दिवस होते, पण तिला त्याची पर्वा वाटली नाही. नळ बंद केला तेव्हा कित्येक दिवसांनी पहिल्यांदा भूक लागल्यासारखे वाटले. झाले, मिटले. जे नाहीच, ते कोणाला छळणार?

शनिवारी सकाळी वडिलांनी आईला हाक मारली.

‘इ... इकडे ये जरा. तू म्हणत होतीस ना, दाखवा. हे बघ.’

आई पदराला हात पुसत गेली. मुलगीही मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. वडिलांचे बोट पडद्यावर होते. बोट खाली सरकले, वर गेले, पुन्हा खाली आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकेक दुवा मोजायला लागले, ओठ हलवत. त्यांना कुठेही न थांबता एकशे बारापर्यंत मोजता आले.

‘होतं,’ ते म्हणाले. ‘साठाच्या खाली होतं. वर एकशे तेरा लिहिलेलं होतं. गुरुवारी होतं. तू पा... पाहिलंस ना गुरुवारी?’

‘मी कुठं पाहिलं? तुम्ही सांगितलंत नुसतं,’ आई म्हणाली.

‘म्हणजे मी काढलं का?’

आई त्यांच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघू लागली.

‘की नव्हतंच?’

त्यांनी तिच्याकडे बघितले. मदत मागत नव्हते. मुलीसमोर हे व्हायला नको होते, असे काहीतरी त्या बघण्यात होते. तिने तोंड उघडले. ‘बाबा, नेटचं असं होतं कधीकधी. जुनं पान दिसतं,’ ती म्हणाली. वडील ‘हं’ म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला. तो दिवसभर उघडला नाही.

रविवार आणि सोमवार तिने कसे काढले ते तिचे तिला माहीत. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. एकदा ते झोपले होते आणि एकदा झोपलेले नव्हते. दोन्ही वेळा ती परत आली. बुधवारी डॉक्टर तपासतील, काही नाही म्हणतील, मग आपोआप सुटेल, असे तिने स्वतःला सांगितले. मग वाटले, आणि डॉक्टरांनी खरेच काही काढले तर? म्हातारपणी शोधले की काहीतरी सापडतेच.

मंगळवारी ती ऑफिसात पोहोचली तेव्हा कॅप्टन तिच्या टेबलाशी उभा होता.

‘दवाखान्याची लिंक पडली. आणि दुसरंच काहीतरी चाललंय, बघ.’ त्याने तिचाच माउस धरला. ‘त्या म्हाताऱ्याच्या पानाला एकेचाळीस ठिकाणांहून लिंक होत्या ना? काल सकाळी अडतीस. संध्याकाळी तेहेतीस. आज सव्वीस. सर्च इंजिनानं दणका दिला म्हणावं, तर लोक स्वतःहून काढतायत. इतक्या वर्षांच्या लिंक कुणी असं काढतं का?’

तिने काढलेल्यांची यादी उघडली. एका वाचनालयाने दुव्याच्या जागी छोटी सूचना लावली होती. ‘संकलकांच्या विनंतीवरून हा दुवा काढत आहोत. त्यांचे पत्र खाली देत आहोत. अशी पत्रे आजकाल येत नाहीत.’

पत्र ओळखायला तिला सही बघायची गरज पडली नाही.

‘आपल्या वाचनालयाने अकरा वर्षे माझ्या यादीकडे वाचक पाठवले, त्याबद्दल मी ऋणी आहे. अलीकडे यादीत एक दुवा शिरला. तो मीच दिला असणार, परंतु दिल्याचे मला स्मरत नाही. पुढे तो नाहीसा झाला, तेही मला स्मरत नाही. यादी म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो. आपण कोणता शब्द दिला हे ज्याला आठवत नाही, अशा माणसावर विसंबून राहू नये. म्हणून माझ्या पानाचा दुवा काढून टाकावा, ही विनंती. यादी मी महिनाअखेरीस बंद करीत आहे.’

असे पत्र त्यांनी एकेचाळीस ठिकाणी लिहिले होते. रविवार सकाळपासून, खिडकीशी बसून, एका बोटाने टाइप करून. ती त्या वेळी दारापर्यंत जाऊन परत येत होती.

‘ह्याला पुन्हा लिही,’ कॅप्टन म्हणाला. ‘म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय. गोड बोलून—’

‘तो म्हातारा माझा बाप आहे.’

कॅप्टनचा हात माउसवरच राहिला. शेजारच्या मुलीने मान वर केली.

‘मग तर सोपं होतं की,’ तो हळूच म्हणाला. त्याला खरेच तसे वाटत होते.

तिने पर्स उचलली. उद्या येणार का, असे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. बस येईना, म्हणून ती पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली, तिथेही थांबवेना म्हणून त्याच्या पुढच्या. अशी चालतच घरी पोहोचली.

वडील टेबलाशी होते. समोर उद्यासाठी काढलेली फाइल, चष्म्याचा जुना नंबर, रक्ताचे रिपोर्ट. आई बाजूला बसून त्यांच्या शर्टाचे बटण लावत होती.

‘ते मी घातलं होतं,’ ती दारातूनच म्हणाली. ‘तो दुवा. तुम्ही नाही. आमच्याच ऑफिसचं गिऱ्हाईक आहे ते. पत्रसुद्धा मीच लिहिलं होतं. क्रुपयावालं. आणि शुक्रवारी मीच काढला.’

एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. जिना, फोन, आकडा, न्हाणीघर, सगळे सांगून झाल्यावरही ती ‘मीच’ असे आणखी दोनदा म्हणाली. आईच्या हातातली सुई थांबली होती.

वडिलांनी समोरचे रिपोर्ट एकावर एक रचले. मग त्यांनी फाइल मिटली.

‘म्हणजे मी ठी... ठीक आहे,’ ते म्हणाले.

‘हो, बाबा.’

‘मी घातलं नव्हतं. काढलंही नव्हतं.’

‘नाही.’

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचे खांदे इतके खाली आले, की इतके दिवस ते वर होते हे तिला तेव्हा कळले. ती ओरडण्याची वाट बघत होती. ते ओरडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेले ते सुख होते, दुसरा शब्द नाही, आणि ते बघणे तिला सोसेना. रागावली ती आई. ‘आठ दिवस! आठ दिवस हा माणूस मेल्या माणसांची नावं पाठ करत होता, आणि तू बाहेर उभी राहून हसलीस!’ एवढे बोलून ती शर्ट तसाच टाकून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

‘मला शंका यायला हवी होती,’ वडील म्हणाले. ‘कु... कुणी बाहेरच्यानं घुसवलं असतं तर मी एका नजरेत ओळखलं असतं. पण त्या दोन ओळी...’ त्यांनी त्या पाठ म्हणून दाखवल्या, प्रूफ वाचावे तशा, एकदाही न अडता. ‘ “येथे वाचेवर उपचार होतात. जाण्यापूर्वी पत्र लिहून वेळ घ्यावी. फोनवर बोलण्याची सक्ती नाही.” पूर्णविरामसुद्धा जिथल्या तिथे. आणि ते फोनचं. मला वाटलं, हे माझ्याशिवाय कुणाला सुचणार?’

ती खाली बघत राहिली.

‘खरंच सक्ती नाही का तिथे, फोनची?’

‘माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘मी नुसतंच लिहिलं.’

ह्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी टेबलाचा खण उघडला, बंद केला.

‘मी त्या सगळ्यांना पुन्हा लिहिते,’ ती घाईघाईने म्हणाली. ‘एकेचाळीस जणांना. तुमची चूक नव्हती म्हणून. पंधरा अजून काढायचे राहिलेत... नाही, सव्वीस राहिलेत. ते तरी थांबतील. बाकीचे परत देतील.’

‘लिही. कारण चुकलंय माझं, तेवढं दुरुस्त कर. पण दुवा परत द्या असं लिहू नकोस. यादीवर विसंबू नका, एवढंच मी म्हटलं होतं. ते चुकलेलं नाही.’ त्यांनी चष्म्याची डबी बाजूला केली. ‘आणि ते नंतर. आ... आधी हे.’

त्यांनी चष्म्याच्या डबीखालचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर एक फोन नंबर होता आणि खाली त्यांच्या अक्षरात : ‘मुलगी, वय नऊ.’

‘ह्या बाईंच्या फोनमुळेच तर मला तो दुवा कळला. त्यांनी आभार मानायला फोन केला होता. तुमच्या यादीत दवाखाना सापडला, मुलीला नेलं, पंधरा दिवस अडखळायचं नाही असं सांगितलंय, रोज तक्त्यावर खुणा करतात. आणि जाताजाता म्हणाल्या, चार दिवस झाले, ती बोलतच नाही. अडखळत नाही म्हणजे बरंच आहे ना?’

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

‘मी काय सांगणार होतो? माझं मलाच कळत नव्हतं. दुवा काढायलाही हात धजला नाही, काढल्याचंही विसरलो तर? तीनदा फोन उचलला. एक तर फोन, त्यात हे.’ त्यांनी कागदावर बोट ठेवले. ‘आज सतरावा दिवस आहे.’

तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. उभ्यानेच नंबर फिरवला. चौथ्या घंटेला एका बाईने उचलला. मागे टीव्ही चालू होता, तो बाईने कमी केला.

तिने सांगितले. यादीतला तो दुवा वडिलांचा नव्हता, तो आपण त्यांना न विचारता घातला होता. त्या दवाखान्याची आपल्याला काहीच माहिती नव्हती आणि नाही. मुलीला तिथे नेऊ नका. गप्प राहणे म्हणजे बरे होणे नव्हे. मध्येच तिने दोनदा ‘ऐकताय ना?’ असे विचारले.

‘ऐकतेय,’ बाई म्हणाली. ‘मग आता कुठे नेऊ?’

तिने वडिलांकडे बघितले. त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. सरकारी इस्पितळाचा वाचाविभाग, मंगळवार आणि शुक्रवार, अमक्या खोलीत बसणाऱ्या बाई. तिने ते वाचून दाखवले. तिथे घाई करत नाहीत आणि मुलांना गप्प राहायला लावत नाहीत, तेही सांगितले.

‘हे खात्रीचं आहे?’

‘आहे.’

‘त्यावेळीही यादीत होतं म्हणूनच नेलं हो मी,’ बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती थकलेली होती. ‘थांबा, कागद घेते. कोण बोलताय तुम्ही? मला लिहून ठेवू दे. पूर्ण नाव सांगा.’

तिने पूर्ण नाव सांगितले. आपले, मग वडिलांचे, मग आडनाव. पलीकडे पेन चालत असल्याचे ऐकू येत होते.

‘मधलं नीट कळलं नाही,’ बाई म्हणाली. ‘पुन्हा सांगता?’

वडील खिडकीकडे बघत होते. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि मधले नाव पुन्हा सांगितले, एकेक अक्षर सुटे करून.